दुचाकी चोरीला गेली तर आधी काय करायचं? आणि नंबर बदलल्यावर पोलीस ती ओळखतात कशी?

आधी गाडी वाहतूक शाखेच्या टेम्पोने उचलली नाही ना, ते बघा. हसू नका, होतं असं. तसं नसेल तर लगेच ११२ ला फोन. ‘ही आमची हद्द नाही’ असं ऐकवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा, मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीची अट नाही. तक्रार ऑनलाइन दिलीत तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते.

चोर पहिल्यांदा नंबरप्लेट बदलतो, त्यामुळे खरी ओळख चासी नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराची. तो ग्राइंडरने घासला तरी खेळ संपत नाही. आकडा ठोकताना खालचा धातूही दबलेला असतो. प्रयोगशाळेत तिथे रसायन लावलं की पुसलेले आकडे अंधुक का होईना, पुन्हा दिसू शकतात. मात्र खोल घासलं असेल तर अवघड.

दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, विमा कंपनी त्या मागतेच. आणि जुनी गाडी घेताना एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेवर ती चोरीची तर नाही ना, हे तपासा. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी वाकून जुळवा, नुसत्या फोटोवर जाऊ नका.