सिव्हिलायझेशन ४, ५ की ६: नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी?

सिव्हिलायझेशन म्हणजे एखादी संस्कृती निवडून तिची शहरं, फौज वाढवत न्यायचा, चालींनी खेळायचा संगणकावरचा खेळ. सुरुवात बिनधास्त ५ पासून करा. ४ मध्ये (२००५) नकाशाच्या एकाच चौकोनात अख्खी फौज कोंबता येते, त्यामुळे लढाई बरीचशी संख्याबळावर जाते. ५ ने (२०१०) षटकोनी घरं आणली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी. मग तिरंदाज टेकडीवर, भालेवाले पुढे खिंडीत, अशी खरी मांडणी करावी लागते. कोथरूडच्या आमच्या मित्रमंडळीत रात्र-रात्र वाद रंगतो तो यावरच!

६ मध्ये (२०१६) शहरच नकाशावर पसरतं, म्हणजे त्याचे वेगवेगळे परिसर वेगवेगळ्या घरांवर बांधायचे. विद्येचा परिसर डोंगराला लागून बांधला की विज्ञानाचे गुण वाढतात, म्हणून पहिलं शहर वसवतानाच पुढच्या शंभर चालींचा विचार करावा लागतो. मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं, पण नवख्याला जड जातं. ७ (२०२५) आलं तेव्हा युग बदललं की संस्कृतीही बदलावी लागायची. ते काही मला पटलं नाही.