डिस्कवर नाव कुठे लिहायचं आणि कशानं

तुमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि घरचे जुने फोटो मिळून तीसेक सीडी-डीव्हीडी होणार आहेत. त्यांवर छापील गोल स्टिकर लावू की मार्करनं लिहू, असं तुम्ही विचारलंत. स्टिकर अजिबात लावू नका.

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या सीडीवर फोटोवाल्यानं गणपती आणि नवरा-नवरीचा फोटो असलेला चकचकीत स्टिकर लावून दिला होता. चार-पाच पावसाळ्यांत त्याची बाहेरची कड उचलली गेली. ड्राइव्हमध्ये अडकेल म्हणून मी ती नखानं सोलायला गेलो, तर कागदाबरोबर चांदीसारखा पापुद्राही सुटून आला. डिस्क खिडकीसमोर धरली तर तेवढ्या जागेतून पलीकडचं झाड दिसत होतं. सीडीवर माहिती आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे गेला तो शेवटचा भाग, म्हणजे पाठवणी. आजी त्याच भागात होती आणि तिचं दुसरं चित्रीकरण आमच्याकडे नाही.

आपण सगळे खालची चकचकीत बाजू जपतो, पण सीडीची नाजूक बाजू वरची असते. १.२ मिमी जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकमधून लेझर वर बघतो. ज्या रंगद्रव्यावर माहिती कोरली जाते ते, आणि त्यावरचा धातूचा थर, हे दोन्ही अगदी वर असतात आणि त्यांच्यावर फक्त लॅकरचा पातळ लेप असतो. खालचा ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून निघतो, वरच्यावर इलाज नाही. म्हणून बॉलपेन नको, त्याच्या टोकाचा दाब थेट त्या थरावर पडतो. झायलीन किंवा टोल्यूइनवाले, टोपण काढताच उग्र वास येणारे मार्करही नकोत, कारण ते द्रावक लॅकरमधून झिरपू शकतात.

डीव्हीडीचं जरा बरं आहे. तिथे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मध्ये सुरक्षित असते. तरी स्टिकर तिलाही नकोच. तो जरा तिरका बसला तरी वेगानं फिरताना तोल जातो, आणि दमट हवेत कागद आणि गोंद फुगले-आकसले की चकती वाकते.

पेन घ्यायचं ते पाण्याच्या शाईचं, मऊ टोकाचं, सीडी-डीव्हीडी मार्कर म्हणून मिळतं ते. आणि लिहायचं मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर. तिथे ना रंगद्रव्य ना धातू, त्यामुळे शाईला बिघडवायला काही नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २००३ मध्ये ग्रंथालयांसाठी डिस्कच्या निगेची मार्गदर्शिका काढली, तिचाही सल्ला हाच आहे. आधी डिस्क राइट करा, सगळ्या फाइल उघडून तपासा, मगच वर नाव लिहा. शाई पूर्ण वाळल्याशिवाय डबीत ठेवू नका.

कडं जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, तिथे ‘ओ-०७’ (ओव्यांची सातवी डिस्क) एवढंच मावेल आणि तेवढं पुरे. बाकी सगळं एका वहीत: ओवी कोणी म्हटली, ती बाई मूळची कुठल्या गावची, कधी ध्वनिमुद्रित केली, आणि प्रत्येक ओवीचे पहिले चार शब्द. ‘आई नवीन’, ‘आई २’ असली नावं आज तुम्हाला कळतात, वीस वर्षांनी तुमच्या मुलांना कळणार नाहीत. वहीतला तोच मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्या त्या डिस्कवरही टाका, म्हणजे वही हरवली तरी डिस्क मुकी होणार नाही. कागदी चिठ्ठी मात्र डबीच्या आत नको, कागद ओल धरतो. ती बाहेरून लावा, आणि डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. हार्ड डिस्कवरची मूळ फाइलही पुसू नका.

तुमच्याकडच्या आठ-दहा जुन्या डिस्कवर स्टिकर आहेतच, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते सोलू नका, कड उचललेली असली तरी. वाचता येताहेत तोवर आधी त्यांच्या प्रती काढा. हे काम नव्या डिस्क आणायच्याही आधी, या आठवड्यातच करा.