एकाच ताऱ्यावर दर वर्षी स्फोट होतो, हे खरं आहे का? तो दुर्बिणीतून दिसतो का?

हो, खरं आहे. देवयानी दीर्घिकेत, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर, 'एम३१एन २००८-१२ए' हा पुनरावर्ती नवतारा, म्हणजे पुन्हा पुन्हा स्फोट होऊन उजळणारा तारा, आहे. २००८मध्ये तो सापडला आणि तेव्हापासून साधारण दर वर्षी उजळतो.

तिथला श्वेत बटू, म्हणजे मृत ताऱ्याचा उरलेला लहान, घन गाभा, जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेतो. थर पुरेसा साचला की अणुसंमीलन भडकतं. या बटूचं वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे श्वेत बटूला शक्य असलेल्या कमाल वस्तुमानाच्या (सूर्याच्या सुमारे १.४ पट), अगदी जवळ असल्याने गुरुत्वाकर्षण प्रचंड आहे. थोडंसं इंधनही पुरतं. आपल्या आकाशगंगेतल्या 'टी कोरोना बोरिअॅलिस'ला यासाठी जवळपास ८० वर्षं लागतात!

डोळा लावून मात्र घरगुती दुर्बिणीतून दिसणार नाही. ऐन भरातही त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) १८.५च्या आसपास असते आणि दोनेक दिवसांत तो झपाट्याने मंदावतो. म्हणून त्या भागाचे फोटो रोज रात्री घ्यावे लागतात. स्फोट पकडला की लगेच मोठ्या दुर्बिणी तिकडे वळतात. भारताच्या अॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीनेही त्याची अतिनील आणि क्ष-किरण निरीक्षणं केली आहेत.

मला सर्वांत थक्क करतं ते त्याच्याभोवतीचं कवच: ४०० प्रकाशवर्षांहून रुंद, हजारो-लाखो वर्षांच्या स्फोटांनी रेटत नेलेलं.