वाड्याच्या भिंतीवर गोधडीचा चौकोन

प्रश्न : अमेरिकेत कोठारांवर गोधडीचे रंगवलेले चौकोन लावतात, हे वाचून आमच्या बचत गटाने गावातील जुन्या घरांवर तसे चौकोन लावून पाहुण्यांसाठी एक फेरी आखायचे ठरवले आहे. पहिला मान आमच्या वाड्याचा आहे. चौकोन थेट भिंतीवर रंगवावा की फलकावर? आकार व नक्षी कोणती असावी?
– एक वाचक, वाई तालुका (जि. सातारा)

उत्तर : फलकावरच रंगवावा. जुन्या भिंती ओल धरतात आणि त्यांवरच्या रंगाचे पोपडे सुटतात; फलक मात्र उतरवून पुन्हा रंगवता येतो.

ही प्रथा 2001 मध्ये ओहायो राज्यातील ॲडम्स काउंटीत सुरू झाली. डॉना स्यू ग्रोव्ह्ज यांनी गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आईच्या सन्मानार्थ ती कल्पना मांडली. तेथील फलक बहुधा आठ बाय आठ फुटांचे असतात, कारण ते धावत्या मोटारीतून, शेतापलीकडून दिसावे लागतात. आपल्या बोळांत पाहणारा चार पावलांवर उभा असतो, त्यामुळे तीन किंवा चार फुटांचा चौकोन पुरेसा होईल.

नक्षीच्या बाबतीत मात्र तिकडचे तारे उतरवून घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या घरावर फलक लागणार, त्याच घरातली गोधडी किंवा वाकळ अंगणात पसरावी, तिच्यातील लुगड्याचे काठ, खणाचे तुकडे आणि मधला चौक नीट पाहावा, आणि त्यांतील चार-पाच ठळक आकार व तेवढेच रंग निवडून आलेखाच्या कागदावर मांडावेत. धावदोऱ्याच्या ओळी हा गोधडीचा जीव असला, तरी बारीक टाके लांबून दिसत नाहीत; म्हणून ते बोटभर लांबीच्या पांढऱ्या रेघांनी, कडेकडेने दाखवावेत.

फलकासाठी वॉटरप्रूफ प्लायवूड घ्यावे आणि प्रायमरचे दोन हात देताना कडा विसरू नयेत, कारण पाणी तेथूनच शिरते आणि थर फुगतात. वर बाहेरच्या भिंतींचा ॲक्रिलिक रंग द्यावा. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून शक्यतो पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत निवडावी. तेथे दुपारचे ऊनही कमी लागते. लोखंडी अँगलच्या चौकटीचे बोल्ट दगडांच्या दरजांत बसवावेत, दगड फोडू नये. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाहीत. तेथे लाकडी खांबाचा आधार घ्यावा. फलकामागे इंचभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे ओल साचणार नाही.

खरी अडचण रंगाची नसून हिस्सेदारांची असते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांची, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्यांचीही, लेखी संमती घ्यावी आणि फलकाची डागडुजी कोणी व कोणाच्या खर्चाने करायची, हे त्याच कागदावर नमूद करावे.