ऑबिच्युअरी म्हणजे मृत्युलेखच का?

‘ऑबिच्युअरी’ला मराठीत सरसकट ‘मृत्युलेख’ म्हणावं का, आणि मुळात हा शब्द आला कुठून, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न जास्त मजेचा, म्हणून आधी तो.

मूळ लॅटिन ‘ओबितुस’. ‘ओब’ म्हणजे समोर, ‘ईरे’ म्हणजे जाणे. मृत्यूला सामोरं जाणं असा तो पूर्ण प्रयोग. पुढे त्यातला मृत्यू गळाला आणि नुसतं जाणं उरलं. आपणही ‘काल आजोबा गेले’ एवढंच म्हणतो, कुठे ते कुणी विचारत नाही. त्याहून सख्खं नातं आपल्या ‘प्रेत’ शब्दाशी आहे. प्र + इत, म्हणजे पुढे निघून गेलेला. यातला ‘इ’ धातू आणि लॅटिन ‘ईरे’ यांचं मूळ एकच. (भुताखेतांच्या गोष्टींनी या शब्दाची पार रया घालवली, ते सोडा.)

हा शब्द छापखान्यात जन्मला नाही. मध्ययुगीन युरोपात चर्च आणि मठ मृतांच्या तिथींची वही ठेवत, दरवर्षी त्या दिवशी त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून. ती वही म्हणजे ‘ओबितुआरियुम’. वर्तमानपत्री अर्थ इंग्रजीत अठराव्या शतकात रुळला. गोव्यात मात्र जुना अर्थ अजून जिवंत वाटतो. पोर्तुगीज अमदानीतल्या मृत्युनोंदींत याच घराण्यातला ‘ओबितु’ भेटतो, आणि तिथल्या वर्तमानपत्रांत ख्रिस्ती कुटुंबं आजही फोटोसह महिन्याच्या मिस्साची (चर्चमधल्या प्रार्थनाविधीची), वर्षाच्या मिस्साची सूचना देतात. आपलं ‘प्रथम पुण्यस्मरण’ त्याच जातीचं.

आता भाषांतराचं. मृत्युलेख म्हणजे कुणीतरी बसून लिहिलेला, माणसाच्या कामाचा लेखाजोखा मांडणारा मजकूर. ‘यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ ही चार ओळींची बातमी म्हणजे निधनवार्ता. आणि पैसे भरून दिलेली चौकट, ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’पासून सुरू होऊन दशक्रिया विधीचा घाट-वेळ सांगत ‘शोकाकुल’वर संपणारी, ती निधनाची जाहिरात. इंग्रजीत पहिल्या दोन्हींना आणि बोलताना बऱ्याचदा तिसरीलाही ऑबिच्युअरीच म्हणतात. त्यामुळे मूळ मजकूर कुणी लिहिलाय, संपादकाने की घरच्यांनी, ते बघा आणि शब्द निवडा. ‘श्रद्धांजली’ मात्र यासाठी वापरू नका. ती वाहायची असते, फ्लेक्सवर काहीही लिहिलेलं असो.