लहान मुलांच्या अ‍ॅनिमेशन मालिका मृत्यू, दुरावा, अपराधीपणा असे गुंतागुंतीचे विषय कसे काय हाताळू शकतात? मुलांना ते झेपतात का?

प्रश्नाचा दुसरा भाग मी आधी घेते, कारण त्यावरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही. मुलांना हे विषय झेपतात. झेपत नाहीत ते बहुतेक वेळा शेजारी बसलेल्या मोठ्यांना. मत्सर, एकटे पडण्याची भीती, आपल्यामुळेच काहीतरी वाईट घडले ही टोचणी, यांतले काहीही मूल टीव्हीवरून शिकत नाही. ते त्याच्या मनात आधीपासूनच असते. त्याबद्दल बोलायला त्याच्याजवळ शब्द नसतात आणि पुष्कळदा ऐकून घेणारे माणूसही नसते.

आता पहिला भाग. मुलांसाठी लिहिणाऱ्याला पात्राच्या तोंडी स्वतःच्या मनाचे लांबलचक विश्लेषण घालता येत नाही, कारण मूल ते ऐकणारच नाही. म्हणून जे सांगायचे ते कृतीतून दाखवावे लागते, आणि तिथेच या मालिका मोठ्यांच्या मालिकांपेक्षा सरस ठरतात. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मध्ये आयरो नावाचा म्हातारा सेनापती आहे. 2006 मध्ये प्रसारित झालेल्या एका भागात तो दिवसभर बाजारातून हिंडत अनोळखी लोकांना मदत करतो, एका रडणाऱ्या मुलाला गाणे म्हणून हसवतो, आणि संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली आपल्या मृत मुलाची तसबीर ठेवून तेच गाणे म्हणताना त्याचा आवाज फुटतो. हा मुलगा याच शहराच्या वेढ्यात मारला गेलेला असतो आणि त्या वेढ्याचे नेतृत्व खुद्द आयरोने केलेले असते. हे सारे काही मिनिटांत उरकते, आणि मला पश्चात्ताप झाला आहे, असे वाक्य त्याच्या तोंडी एकदाही येत नाही.

दुसरे असे की, जे डोळ्यांना दिसत नाही ते अ‍ॅनिमेशनमध्ये वस्तू म्हणून समोर ठेवता येते. ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’मधल्या आइस किंगचा जीव त्याच्या जादूच्या मुकुटामुळे वाचलेला असतो, पण तोच मुकुट त्याची स्मृती खाऊन टाकतो, आणि ज्या मुलीला त्याने एकेकाळी सांभाळले तिलाच तो ओळखत नाही. घरातल्या वृद्धाचे विस्मरण पाहिलेल्या मुलाला हा मुकुट काय आहे हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय ही काही आजकालची टूम नव्हे. 1974 च्या जपानी ‘हायडी’मध्ये डोंगरावरून शहरात आणलेली मुलगी घराच्या ओढीने रात्री झोपेत चालू लागते, आणि त्या काळच्या मुलांनी तेही पाहिलेच की.

माझ्या भावाला यातले काहीच पटत नाही. आमचे वडील गेले तेव्हा त्याची मुलगी, माझी भाची, बालवाडीत होती. आजोबा देवाघरी गेले असे तिला सांगितले गेले आणि सर्वांनी विषय संपवला. तिच्या दृष्टीने तो संपला नव्हता. ते परत कधी येणार, हे ती आधी रोज विचारायची, आणि नंतर उत्तर देणाऱ्यांचे चेहरे पाहून तिने विचारणेच सोडले. त्याच सुमारास तिने ‘ब्लुई’चा एक भाग पाहिला. कुत्र्यांच्या कुटुंबाची ही ऑस्ट्रेलियन मालिका आहे आणि तिचा भाग जेमतेम सात मिनिटांचा असतो. ब्लुईला आणि तिच्या बाबाला एक जखमी पक्षी सापडतो, ते त्याला डॉक्टरांकडे नेतात, पण तो वाचत नाही. घरी आल्यावर ब्लुई तोच प्रसंग आईबरोबर खेळातून पुन्हा उभा करते, आणि खेळातही पक्षी मरतोच.

भाचीने तो भाग पुन्हा पुन्हा लावून घेतला. मग एका दुपारी तिने तिचा कापडी हत्ती उशीवर निजवला, त्याच्या छातीवर डबीचे झाकण ठेवून कान लावला आणि मला म्हणाली, “आत्या, डॉक्टरांनी सगळं केलं, पण हत्ती गेला.” थोडा वेळ झाकण हातात फिरवून तिने विचारले, “आजोबांचंपण डॉक्टरांनी सगळं केलं होतं ना?” दादा दारात उभा होता. त्याने आत येऊन टीव्ही बंद केला आणि मला सुनावले की, कार्टून हसण्यासाठी असते, असले काही दाखवून तू पोरीच्या मनावर ओझे टाकतेस. मी त्याला तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते: ओझे तिच्या मनावर आधीच होते, ते खाली ठेवायला तिला त्या मालिकेने जागा दिली. तिच्या प्रश्नाला मी “हो, सगळं केलं होतं” असे उत्तर दिले, तेव्हा ती रडली, आणि ते रडणे योग्यच होते.

म्हणून मूल एखादा भाग पाहून रडले तर रिमोट शोधू नका, शेजारी बसा. बालपण निरागस असते, ते जपावे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझे एवढेच विचारणे आहे की, ज्या घरात मृत्यू होऊन गेला आहे, तिथे गप्प राहून नेमके काय जपले जाते? दादाने याचे उत्तर अजून दिलेले नाही.

अर्थात प्रत्येक मालिका या तोडीची नसते. पुष्कळशा नुसत्या गोंगाटाच्या असतात आणि काहींत दुःख केवळ रडवण्यासाठी घातलेले असते. वयाचाही विचार हवाच. मेलेले परत येत नाही, ही गोष्ट साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांच्या मनात पक्की होते, त्याआधी तेच तेच प्रश्न येत राहतात. तेव्हा भाग आधी स्वतः पाहून घ्या, आणि मूल तो परत लावायला सांगेल तेव्हा कंटाळा न करता लावून द्या.