अंगावर पाजताना पाळी का थांबते? दुधामुळे की चोखण्यामुळे?

तुम्ही विचारलंय की बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावरच पितं, पाळी अजून आलेली नाही. हे दूध तयार होत असल्यामुळे का, आणि इतर प्राण्यांतही असंच होतं का. मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे सुरुवात गायीपासून करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

भरपूर दूध देणाऱ्या, हाताने किंवा यंत्राने धार काढल्या जाणाऱ्या गायीपेक्षा वासरू सोबत घेऊन फिरणारी, तुलनेने कमी दुधाची गाय सहसा उशिरा माजावर येते. दूध तयार होण्यानेच माज थांबत असता तर हे उलट दिसायला हवं होतं. अशा गायीचं वासरू ४८ तास बाजूला ठेवलं की तिच्या रक्तात बीज पिकवणाऱ्या एलएच या संप्रेरकाचे ठोके, म्हणजे थांबून थांबून येणाऱ्या लाटा, वाढू लागतात. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे पिणारं वासरू तिचं स्वतःचं असावं लागतं. वासाने किंवा डोळ्यांनी ती त्याला ओळखते आणि ती ओळखच माज रोखून धरते. परक्या वासराने चोखल्याचा तसा परिणाम होत नाही. कितीही वेळा हे सांगितलं तरी मला त्याचं नवल वाटतं.

आता आत काय घडतं ते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, ठोक्याठोक्याने सुटतं. बाईच्या पाळीच्या पहिल्या टप्प्यात साधारण तास-दीड तासाला एक ठोका पडतो. त्या तालावर पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते आणि बीजकोशातलं बीज पिकतं. बाळ चोखतं तेव्हा स्तनाग्राच्या मज्जातंतूंतून संदेश पाठीच्या कण्यामार्गे मेंदूत जातो. तिथे तीन गोष्टी होतात. ऑक्सिटोसिन सुटून पान्हा फुटतो. प्रोलॅक्टिनला रोखून धरणाऱ्या डोपामिनचा लगाम सैल पडून प्रोलॅक्टिन वाढतं आणि पुढचं दूध तयार होतं. आणि जीएनआरएचला चालना देणाऱ्या किसपेप्टिन पेशी मंदावतात, त्यामुळे ठोके विस्कळीत होतात. बीज वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक बऱ्यापैकी असतं, बीजं थोडी वाढूही लागतात, पण एलएचचा ताल नसल्याने पिकत नाहीत. इस्ट्रोजेन कमी राहतं. पाजणाऱ्या बऱ्याच जणींना योनीत कोरडेपणा जाणवतो तो यामुळेच, आणि हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं याचं मला वाईट वाटतं.

सगळा दोष प्रोलॅक्टिनच्या माथी मारण्याची पद्धत आहे. बाईमध्ये त्याचा वाटा आहे, पण ते एकटं कर्तं नाही. गायीत तर ते फारसं कारणीभूत दिसत नाही. कांगारूंची गोष्ट वेगळी. तिथे पिशवीतलं पिल्लू पीत असताना गर्भाशयातला पुढचा गर्भ शंभरेक पेशींवर थांबून राहतो, आणि टॅमर वॉलबी या त्यांच्या लहान भाऊबंदात त्याला थांबवणारं मुख्य संप्रेरक प्रोलॅक्टिनच आहे. पिल्लाने पिणं सोडलं की गर्भ पुन्हा वाढू लागतो.

सगळ्या सस्तन प्राण्यांत मात्र सारखं होत नाही. डुकरिणीची पिल्लं दुधावरून तोडली की बहुतेकदा आठवड्याच्या आत ती माजावर येते. घोडी मात्र शिंगरू पीत असतानाच, व्यायल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यात माजावर येते. उंदरीण पिल्लं झाल्यावर २४ तासांच्या आत पुन्हा गाभण राहू शकते, पण आधीची पिल्लं पीत असतील तर नवे गर्भ गर्भाशयात रुजायचे थांबतात. ओरँगउटान पिल्लाला कित्येक वर्षं पाजते आणि तिच्या दोन पिल्लांत सात-आठ वर्षांचंही अंतर पडतं.

आता तुमच्याकडे येतो. १९८८ साली इटलीत बेलाजिओ इथे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी तीन अटी मांडल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, जवळजवळ सगळा आहार अंगावरच्या दुधाचा, आणि पाळी आलेली नाही. तिन्ही पाळल्या जात असतील तर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळतं. इथेही सगळं चोखण्यावर अवलंबून आहे. बाळ रात्री सलग झोपू लागलं, वरचं दूध किंवा पेज सुरू झाली, की दोन पाजण्यांतलं अंतर वाढतं आणि ठोके परत तालावर येऊ लागतात. बाटलीसाठी पंपाने दूध काढणं म्हणजे बाळाने चोखणं असं धरून चालू नका.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येते. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. तीनपैकी एकही अट मोडली तर पाळीची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. तांबीने दुधावर परिणाम होत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, म्हणून त्या घेण्याआधी तुम्ही पाजताय हे त्यांना आवर्जून सांगा.